कॅलिफोर्निया ड्रीमिन : एक गाणं, अनेक मुद्रणं, चार आवाजांची नवी मांडणी (प्रकल्प नोंदी)

३ जून

काम ठरलं ते असं: ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ या १९६० च्या दशकातल्या अमेरिकन पॉप गाण्याची वेगवेगळ्या कलावंतांनी केलेली मुद्रणं शेजारी शेजारी ठेवून ऐकायची, त्यातून आठ जणांच्या मिश्र गायकवृंदासाठी चार आवाजांची स्वरलिपी लिहायची आणि गिटार, बेस, ड्रम व एका बासरीसह मुद्रण करायचं. गाणारे मराठी, बहुतेकांची तालीम हार्मोनियमवर झालेली. म्हणून स्वरलिपी दोन्ही पद्धतींनी लिहायची, पाश्चात्त्य कॉर्डांची आणि सरगमची.

ऐकायची यादी: बॅरी मॅग्वायर (१९६५), द ममाज अँड द पापाज (१९६५), वेस माँटगोमरी (१९६६), बड शँक (१९६६), होजे फेलिसियानो (१९६८), बॉबी वोमॅक (१९६८), एडी हेझल (१९७७), द बीच बॉइज (१९८६). कव्हर (दुसऱ्याचं गाणं पुन्हा करून काढलेली मुद्रणं) याहून कितीतरी जास्त आहेत. या आठांत मात्र गाण्याचा प्रत्येक भाग कोणी ना कोणी बदललेला आहे, त्यामुळे तुलनेला एवढी पुरतात.

या तऱ्हेच्या पॉप गाण्यांना ‘सनशाइन पॉप’ (उन्हाचं पॉप) हे नाव नंतरच्या संग्राहकांनी आणि समीक्षकांनी दिलेलं. या गाण्याच्या शब्दांत ऊन नाहीच. पिवळी पडलेली पानं, करडं आकाश, थंडीतली पायपीट, असं सगळं आहे, आणि स्वरही मायनरचे, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास छटेचे. तरी ऐकताना ऊब लागते. ती कुठून येते ते शोधून काढलं नाही तर मांडणी नुसती नक्कल होईल.

५ जून

मूळ वंशावळ नीट लावून घेतली, कारण पुढची बरीच उत्तरं तिच्यात आहेत.

गाणं जॉन आणि मिशेल फिलिप्स यांनी १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिहिलं. मिशेल कॅलिफोर्नियाची, आणि न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात तिला घराची ओढ लागलेली. चर्चमध्ये शिरण्याचं कडवं तिच्या अनुभवातून आलं. जॉनला ते फारसं पसंत नव्हतं. सुदैवाने राहिलं. गाण्यातला माणूस तिथे खरी प्रार्थना करत नाही, केल्यासारखं दाखवतो. शब्द नुसत्या कानाने उतरवून घेतले की इथे ‘प्रार्थना सुरू केली’ असं ऐकू येतं आणि कडव्याचा अर्थच उलटतो. गाणाऱ्यांच्या प्रतीत ही ओळ अधोरेखित केली.

१९६५ मध्ये डनहिल या रेकॉर्ड कंपनीसाठी लू ॲडलर यांच्या निर्मितीत हॉलिवूडच्या युनायटेड वेस्टर्न रेकॉर्डर्स या स्टुडिओत बॅरी मॅग्वायरसाठी हे गाणं मुद्रित झालं, आणि मागचे आवाज द ममाज अँड द पापाजचे, म्हणजे जॉन, मिशेल, डेनी डोहर्टी आणि कॅस एलियट या चौघांच्या गटाचे होते. मग तीच वाद्यांची आणि मागच्या आवाजांची फीत ठेवून मॅग्वायरच्या जागी डेनी डोहर्टीचा आवाज भरला गेला. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर जो ऑसबर्न, कीबोर्डवर लॅरी नेक्टेल, गिटारवर पी. एफ. स्लोन, ध्वनिमुद्रक बोन्स हाव. रेकॉर्ड डिसेंबर १९६५ मध्ये आली आणि मार्च १९६६ मध्ये बिलबोर्डच्या अमेरिकी लोकप्रियता यादीत ४ थ्या क्रमांकापर्यंत गेली.

म्हणजे ‘मूळ’ आणि ‘पहिलं कव्हर’ यांचा सांगाडा एकच. आठ मुद्रणांतली पहिली दोन स्वतंत्र धरायची नाहीत. पुढे ‘मूळ मुद्रण’ म्हणजे डोहर्टीच्या आवाजातलं. त्यांची तुलना फक्त मुख्य आवाज आणि मधला वाद्यतुकडा एवढ्यापुरती करायची.

८ जून

प्रतींचा स्वर तपासला. जुन्या मुद्रणांत फितीचा वेग आणि पुढे डिजिटल प्रत करतानाचा वेग यांमुळे पट्टी थोडी सरकलेली असू शकते. वेगात १ टक्का फरक पडला की स्वर सुमारे १७ सेंटने हलतो. अर्धस्वर १०० सेंटचा, म्हणजे एवढं कानाला सहज कळतं. आधी प्रत ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला आणायची, मगच सोबत वाजवायचं. उलटं केलं, म्हणजे गिटारच प्रतीला जुळवली, तर बासरी लावताना सगळं पुन्हा करावं लागतं.

लय मिनिटाला सुमारे ११२ ठोके. मुद्रण क्लिकवर (कानात ठोका देणाऱ्या यंत्रावर) केलेलं नाही, माणसांच्या अंगातल्या लयीवर आहे. एकच आकडा टाकून संगणकात ग्रिड (ठोक्यांची समान आखणी) लावली तर तिसऱ्या कडव्यापर्यंत ती मूळ ठोक्यापासून सुटते. दर चार मात्रापट्ट्यांनी (एक मात्रापट्टी म्हणजे चार ठोके) ठोका हाताने खुणावून लयीचा नकाशा तयार केला. आमच्या मुद्रणासाठी ११२ पक्के धरले: एक ठोका ५३६ मिलिसेकंद, अर्धा २६८. हे दोन आकडे पुढे पडसादाच्या, म्हणजे मुख्य आवाजामागून तीच ओळ परत गाणाऱ्या आवाजांच्या, कामात लागतील.

११ जून

स्वर आणि कॉर्ड. पट्टी सी शार्प मायनर, आपल्या बोलीत काळी एक. हार्मोनियमवर गाणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीची पट्टी, त्यामुळे बदलायची नाही असं ठरलं.

पहिल्या ओळीचे कॉर्ड: सी शार्प मायनर, बी, ए, बी हे प्रत्येकी दोन ठोके. मग जी शार्प सस-फोर (तिसऱ्या स्वराऐवजी चौथा घेतलेला, लटकता कॉर्ड) एक मात्रापट्टी आणि जी शार्प एक मात्रापट्टी. सरगममध्ये असे:

सी शार्प मायनर: सा, कोमल ग, प
बी: कोमल नी, रे, म
ए: कोमल ध, सा, कोमल ग
जी शार्प सस-फोर: प, सा, रे
जी शार्प: प, शुद्ध नी, रे

खालचा स्वर सा, कोमल नी, कोमल ध असा उतरतो, पुन्हा कोमल नीवर चढतो आणि मग पंचमावर येऊन थांबतो. इथपर्यंत स्वर आसावरी थाटाचे. शेवटच्या कॉर्डात शुद्ध नी येतो आणि रंग किरवाणीकडे झुकतो. हा शुद्ध नी कोणाच्या गळ्यात आहे हे नेमून दिलं नाही तर चौघांतला एक जण हमखास कोमल नी लावतो, कारण अर्ध्या ओळीपूर्वी तोच गायलेला असतो.

सस-फोरवरून सुटताना फक्त एक स्वर हलतो: सा शुद्ध नीवर येतो. पंचम आणि रिषभ जागेवर राहतात. काम एका आवाजाचं, पण ओळीचा सगळा ताण आणि उलगडा त्याच्यावर. ते ऑल्टोला (बायकांच्या खालच्या आवाजाला) दिलं. शास्त्रीय तालमीच्या गायिका इथे मींड घेतात. सा आणि नी यांच्या मधली सरकती जागा दोन ठोके लोंबत राहते आणि कॉर्ड उघडतच नाही. लिहून ठेवलं: सा सोडा, नी धरा, मध्ये काही नाही.

मधली ओळ: ए, ई, जी शार्प, सी शार्प मायनर, मग ए, जी शार्प सस-फोर, जी शार्प. ई मध्ये कोमल नी आहे आणि लगेच पुढच्या जी शार्पमध्ये शुद्ध नी. सगळ्या गाण्यात सुराचा घोटाळा सर्वाधिक होतो तो इथेच. त्याच जागेतून उपायही निघाला. एकाच आवाजाला कोमल नी, शुद्ध नी, सा अशी तीन पायऱ्यांची चढण दिली. दोन्ही निषाद एकाच गळ्यात आले की ते एकमेकांशी भांडत नाहीत, ओळीनेच चढतात. हीही चढण ऑल्टोलाच. टेनरला (पुरुषांच्या वरच्या आवाजाला) देऊन पाहिली, तेव्हा मुख्य आवाजाशी गुंतून दिसेनाशी झाली.

तंबोरा बंद. तंबोऱ्यावर जुळलेला कोमल गंधार ३१६ सेंटजवळ बसतो, गिटारचा ३०० वर. सोळा सेंटचा फरक एकट्या गळ्यात गोड वाटतो, चार आवाजांत आणि गिटारच्या तारांवर मात्र घासतो. सराव गिटारवर किंवा कीबोर्डवरच.

१४ जून

गिटार. चौथ्या पट्टीवर (फ्रेटवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ए मायनरच्या बोटांनी वाजवलं: ए मायनर, जी, एफ, जी, ई सस-फोर, ई. कॅपोशिवाय बार कॉर्ड धरूनही स्वर तेच येतात, पण सुरुवातीच्या बोटांनी छेडलेल्या तुकड्यातली मोकळ्या तारांची चमक जाते.

कॅपो लावला की तारा ताणल्या जाऊन स्वर वर चढतो, विशेषतः जाड तारांवर. म्हणून तारा आधी जुळवायच्या, कॅपो पट्टीच्या अगदी लगत लावायचा, मग पुन्हा जुळवायच्या. दुसरी फेरी चुकवली म्हणून आजचे पहिले दोन टेक फुकट गेले. सहावी तार वर होती. जूनची दमट हवा लाकडालाही सोडत नाही. गिटार दिवसभर मुद्रणाच्याच खोलीत ठेवायची, बाहेरून आणून लगेच वाजवायची नाही.

१९ जून

आवाज. प्रकल्पाचा गाभा हाच, म्हणून नोंद लांबेल.

प्रत्येक ओळ उठावाने सुरू होते. सुरुवातीचे शब्द समेच्या आधी येतात आणि ओळीचा शेवटचा शब्द समेवर पडतो. मुखडा घेऊन समेवर येण्याची सवय असलेल्यांना हे सांगावंच लागत नाही. मुख्य आवाज तो शब्द धरून थांबतो, तेवढ्यात बाकीचे तीच ओळ पुन्हा उठावाने घेतात आणि त्यांचा शेवटचा शब्द पुढच्या मात्रापट्टीच्या पहिल्या ठोक्यावर येतो. कॉर्ड तोवर बदललेला असतो. म्हणजे तोच शब्द एकदा सी शार्प मायनरवर ऐकू येतो आणि एकदा ए वर. एकटा माणूस थंडीची तक्रार करतो आणि चार माणसं तीच तक्रार मेजर कॉर्डावर परत करतात.

ऊब इथे आहे. शब्दांत नसलेलं ऊन पडसादात आहे. या गाण्याची कुठलीही मांडणी पडसादाचं काय करते यावर तरते किंवा बुडते, हे आठही मुद्रणं ऐकून आमचं ठाम मत झालं.

त्यावरून नियम ठरवले. पडसादाचे शब्द मुख्य आवाजाच्या धरलेल्या स्वराखाली जाता कामा नयेत, वर राहिले पाहिजेत. मुख्य आवाजाने श्वास पडसाद चालू असतानाच घ्यायचा. पडसाद संपल्यावर घेतला तर पुढचा उठाव उशिरा निघतो. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ, चर्चमध्ये शिरतो ती, मूळ मुद्रणात डोहर्टी एकटाच गातो. तिथे पडसाद घालायचा मोह सगळ्यांना झाला. घालायचा नाही. माणूस आत एकटा शिरतो, आणि त्या क्षणापुरतं मागचं सगळं थांबतं.

वाटणी: मुख्य आवाज एक पुरुष, एका ओळीपुरता दुसरा पुरुष जोडीला. पडसादाला तीन भाग: सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) दोन, ऑल्टो तीन, टेनर दोन. ऑल्टो तीन कारण निषादांचं सगळं काम तिथे आहे. द ममाज अँड द पापाजमध्येही कॅस एलियटचा भरदार खालचा आवाज आणि मिशेलचा पातळ वरचा आवाज यांतल्या अंतरामुळेच पडसाद रुंद वाटतो. दोन्ही बायका एकाच जातीच्या आवाजाच्या असत्या तर तो एवढा मोठा झाला नसता.

उच्चार. मराठी ‘व’ खालचा ओठ दातांना टेकवून येतो. इथले चालणं, हिवाळा, ऊब या अर्थाचे तिन्ही इंग्रजी शब्द गोल ओठांनी सुरू होतात. ‘उ’ म्हणायला ओठ न्यायचे आणि लगेच सोडायचे. आठ जणांत दोघांनी जरी दाताचा ‘व’ ठेवला तरी पडसादाची सुरुवात खरखरते. दुसरं, दिवस आणि करडा रंग या अर्थांच्या शब्दांचा शेवट आपण सपाट ‘ए’ने करतो. तिथे ‘ए’ धरून अगदी शेवटी ‘इ’कडे वळायचं, आणि सगळ्यांनी एकाच ठोक्यावर. लांब स्वरात कोणी आधी वळलं तर सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं. वळण्याचा ठोका स्वरलिपीत बाणाने दाखवला.

२२ जून

डावा चॅनेल. स्टीरिओ प्रतीच्या सुरुवातीला डाव्या बाजूला मॅग्वायरचा आवाज क्षणभर ऐकू येतो, पूर्ण पुसला न गेलेला. हेडफोनचा उजवा कान काढून, आवाज वाढवून ऐकलं की नीट सापडतो.

फितीवर पुसणारं हेड मुद्रणाच्या हेडच्या आधी असतं. आधीच्या आवाजावर नवा भरताना मुद्रणाची कळ दाबल्यापासूनच पुसणं सुरू होतं. त्याआधीचं जे असेल ते तसंच राहतं. गाण्याच्या उठावाच्या किंचित आधी कळ दाबली गेली नाही तर जुन्या गायकाचा अंश राहून जातो. आजच्या संगणकी मुद्रणात ही चूक होत नाही, पण तिची बहीण होते: नव्या टेकचा तुकडा जुन्यावर जोडताना जोड उठावाच्या मध्ये पडतो आणि जुन्या टेकचा श्वास राहतो. जोड नेहमी श्वासाच्या आधी, १० ते २० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक तुकडा विरत असताना दुसरा चढवून).

२७ जून

कव्हरांची तुलना, पडसाद हा एकच निकष धरून.

मॅग्वायर: मागचे आवाज तेच, मुख्य आवाज जाडाभरडा. मधला तुकडा हार्मोनिकाचा. पडसाद आणि मुख्य आवाज यांच्या पोतात फार अंतर आहे. एक लोकगायक आणि मागे गायकवृंद, असं ऐकू येतं. डोहर्टीचा आवाज आल्यावर प्रश्न आणि उत्तर एकाच घरातले वाटतात. बाकी सगळं तेच असताना एवढ्या एका बदलाने गाणं फिरलं.

वेस माँटगोमरी: व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीसाठी, डॉन सेबेस्की यांची वाद्यवृंद मांडणी. शब्द नाहीत. धून गिटारवर, त्यांच्या ठेवणीतल्या सप्तकाच्या जोड्यांत. पडसादाचं काम वाद्यवृंदाकडे गेलं, त्यामुळे तो सजावट झाला. सुंदर वादन, पण आमच्या कामाला त्यातून थोडंच मिळालं.

फेलिसियानो: नायलॉनच्या तारांची गिटार आणि एकच आवाज. पडसाद काढून टाकलेला, त्याची जागा गिटारच्या भरण्यांनी घेतलेली. मायनरपणा उघडा पडतो आणि गाणं खरोखर थंड होतं. पडसाद काढला की काय उरतं हे ऐकायचं असेल तर हे मुद्रण आधी लावा.

बॉबी वोमॅक: सोलचा बाज. एकच गळा, पण ओळी ओढून, तोडून, पुन्हा उचलून स्वतःलाच उत्तर देतो. पडसाद गेला नाही, गायकाच्या आत गेला. तीव्रतेत हे मुद्रण मूळच्या बरोबरीचं आहे असं आमचं मत. पॉप यादीत ते ४३ व्या क्रमांकापर्यंतच गेलं.

एडी हेझल: फंकाडेलिक या बँडचा गिटारवादक. बायकांचे आवाज मागे आणि गिटार पुढे, म्हणजे प्रश्न-उत्तराची अदलाबदल. लांबी बरीच वाढलेली.

बीच बॉइज: रॉजर मॅग्विनची बारा तारांची गिटार, फ्लूटच्या जागी सॅक्सोफोन. पडसाद शाबूत, आवाज निष्णात, पण प्रतिध्वनीचा थर १९८० च्या दशकातला, मोठा आणि सगळ्यांवर सारखा पसरलेला. मुख्य आवाज आणि पडसाद एकाच धुक्यात येतात, मग कोण कोणाला उत्तर देतंय ते पुसट होतं. मिश्रणाच्या वेळी हे लक्षात ठेवायचं.

३ जुलै

मधला बासरीचा तुकडा. मूळ मुद्रणात बड शँक यांचा आल्टो फ्लूट. याच शँक यांनी १९६२ मध्ये पंडित रविशंकर यांच्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’ या रेकॉर्डवर फ्लूट वाजवला होता. त्यात ‘पथेर पांचाली’च्या धूनवरचा विस्तार आहे. त्यामुळे इथे बांसुरी वापरणं ओढूनताणून आणलेलं नाही असं वाटलं. १९६६ मध्ये शँक यांनी याच गाण्याच्या नावाने स्वतःची रेकॉर्डही केली, चेट बेकर यांच्यासह.

आल्टो फ्लूट मिळाला तर: तो लिहिल्यापेक्षा शुद्ध चौथ्याने खाली वाजतो. काळी एक मायनर ऐकू यायला वादकाच्या प्रतीत एफ शार्प मायनर लिहायचं. सी शार्पमध्येच लिहून दिलं तर निघतं जी शार्प मायनर, आणि पहिल्या तालमीचा अर्धा तास कोण चुकतंय हे शोधण्यात जातो.

बांसुरी घेतली तर दोन पर्याय, दोन्ही वाजवून पाहिले.

पहिला, पांढरी सहाची बांसुरी, षड्ज ए. काळी एक मायनरचे सगळे स्वर तिच्यावर सा रे ग तीव्र म प ध नी असे येतात. सगळी छिद्रं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धं कुठेच नाही. बोटांना अतिशय सोपं. पण ती आखूड, तिचा सर्वांत खालचा स्वर मधल्या सप्तकातला ई. आवाज पातळ आणि उजळ. आल्टो फ्लूटचा धुरकट खालचा पोत तिच्यात नाही.

दुसरा, पांढरी तीनची, सुमारे ३० इंच लांब, मैफिलीत वापरतात ती. षड्ज ई, सर्वांत खालचा स्वर मंद्र पंचम, म्हणजे बी. पोत हवा तसा. पण तिच्यावर ए हा स्वर शुद्ध मध्यम होतो, पहिलं छिद्र अर्धं झाकून वाजवावा लागतो. आणि जी शार्प कॉर्डातला शुद्ध निषाद तिच्यावर कोमल धैवत म्हणून येतो, तोही अर्ध्या छिद्राचा. वेगात हे दोन्ही स्वर डळमळतात.

दुसरी घेतली. वादकाला सांगितलं की ए वर थांबू नका, जाता जाता स्पर्श करा, आणि मुक्काम ई, जी शार्प, सी शार्पवर ठेवा. शँक यांचा तुकडा स्वर न् स्वर उतरवायचा नाही. तो उत्स्फूर्त होता, नक्कल करून त्याचा जीव येत नाही. कॉर्ड, लांबी आणि खालून वर चढत जाण्याचा कल तेवढा घ्यायचा.

तापमान: हवा १ अंशाने तापली की बासरी सुमारे ३ सेंटने चढते. वातानुकूलित खोलीत गार बासरी उचलून वाजवली की पहिला टेक खाली, चौथा वर. पाच मिनिटं फुंकून गरम करायची आणि मग जुळवणी पाहायची.

९ जुलै

बेस आणि ड्रम. जो ऑसबर्न फेंडर जॅझ बेसवर गुळगुळीत वेढ्यांच्या तारा लावून प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या टिकलीने) वाजवत. त्यामुळे ठोका ठळक आणि मागे गुंज कमी. आमच्या बेसवर गोल वेढ्यांच्या तारा होत्या; पुलाजवळ तारांखाली फोमचा बोटभर तुकडा सारला, प्लेक्ट्रम वापरला, जमलं. बोटांनी वाजवलेला टेक ऑल्टोच्या खालच्या स्वरांत मिसळत होता.

ड्रम थोडक्यात: दुसरा व चौथा ठोका पक्का, भरणा फक्त ओळीच्या शेवटी आणि पडसादाच्या शब्दांवर कधीच नाही.

१४ जुलै

हक्क. गाणं कॉपीराइटखाली आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी नुसार कव्हरसाठी वैधानिक परवाना मिळू शकतो: पहिलं मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटलेली हवीत, आधी सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी धरलेली आहे. छोट्या गटाला हे जड जातं, म्हणून थेट प्रकाशकाकडून परवानगी मागणं बरं. मराठी शब्द बसवण्याची कल्पना निघाली होती. भाषांतराचा हक्क वेगळा आहे, कव्हरच्या परवान्यात तो येत नाही. ती कल्पना बाजूला ठेवली. सभागृहात जाहीर प्रयोग असेल तर आयपीआरएस (गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांच्या हक्कांची संस्था) हिचा परवाना स्वतंत्र.

२० जुलै

आवाजांचं मुद्रण. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. भिंतींना गोधड्या, छताला काही नाही.

मुख्य आवाज: कंडेन्सर मायक्रोफोन, कार्डिऑइड, तोंडापासून २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. पडसाद: एकाच मायक्रोफोनभोवती अर्धवर्तुळ, ७० सेंटिमीटर; ऑल्टो मध्ये, सोप्रानो एक पाऊल मागे. पडसादाचे तीन पूर्ण टेक घेतले, दर वेळी जागा बदलून. एकच टेक संगणकात तिप्पट केला तर आवाज मोठा होतो, जाड होत नाही. जाडी येते ती माणसांमधल्या बारीक फरकांतून. पण गळ्यातलं आंदोलन (स्वराचा कंप) बंद. तीन थरांत प्रत्येकाचं आंदोलन वेगळं पडलं की सूर चिखलात जातो.

हेडफोन एकाच कानावर घालायची सवय सगळ्यांना; दुसऱ्या कानाचा कप गालावर उघडा राहतो आणि क्लिक मायक्रोफोनमध्ये शिरते. उघडा कप मानेला टेकवून बंद ठेवायचा. शेवटच्या लांब स्वरात क्लिक पूर्ण काढून टाकली.

२१ जुलै

कालचा पडसाद ऐकला. सूर चांगले, पण जागा चुकलेली. सगळा पडसाद ३० ते ४० मिलिसेकंद मागे, प्रत्येक ओळीत.

कारणं दोन. पहिलं यंत्राचं: बफर (संगणक आवाज साठवून पुढे देतो तो तुकडा) ५१२ नमुन्यांचा होता, म्हणजे एका दिशेला १०.७ मिलिसेकंद, येण्या-जाण्याचे मिळून २० च्या वर. थेट मॉनिटरिंग (संगणकातून न फिरवता आवाज सरळ हेडफोनमध्ये) चालू केलं, हा भाग गेला. दुसरं माणसांचं आणि जास्त महत्त्वाचं: पडसाद गाणारे मुख्य आवाजाचा शब्द ऐकायला थांबत होते. उत्तर देणारा नेहमीच असा किंचित थांबतो. पण इथे उत्तर समेवर पोहोचायचं आहे, त्याला थांबायला जागा नाही.

पडसादवाल्यांच्या हेडफोनमधून मुख्य आवाज जवळजवळ काढून टाकला. हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) आणि गिटार वर ठेवली. ओळ आठ वेळा नुसती बोलून घेतली, टाळीवर. मग तीन नवे टेक. मागे पडणं १० मिलिसेकंदांच्या आत आलं. कालचे टेक संगणकात पुढे सरकवूनही पाहिले होते. सुरुवात जुळली, पण शब्दांचे शेवट लवकर येऊ लागले. पुन्हा गाणं हाच उपाय होता.

२८ जुलै

मिश्रण. युनायटेड वेस्टर्न स्टुडिओतल्या मुद्रणांना बिल पुटनम यांनी बांधलेल्या प्रतिध्वनी खोल्यांचा आवाज आहे, खऱ्या खोलीतला, स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून घेतलेला. आम्ही कृत्रिम चेंबर (संगणकातली प्रतिध्वनी खोली) वापरला: ऱ्हास १.८ सेकंद, सुरुवातीचा विलंब २५ मिलिसेकंद, २०० हर्ट्झखालचं आणि ६ किलोहर्ट्झवरचं कापलेलं.

बीच बॉइजच्या मुद्रणातून घेतलेला धडा इथे लागला. मुख्य आवाज कोरडा, मध्यभागी, चेंबर अगदी थोडा. पडसादाचे तीन थर: एक डावीकडे ६० टक्के, एक उजवीकडे ६०, तिसरा मध्ये पण ६ डेसिबल खाली, तिघांना चेंबर भरपूर. एक माणूस जवळ आणि उत्तर मोठ्या जागेतून, असं अंतर ऐकू आलं पाहिजे. चर्चच्या ओळीवर मुख्य आवाजाला चेंबर वाढवण्याची सूचना आली, करून पाहिलं, काढून टाकलं. पडसाद नसण्यातूनच तिथली पोकळी कळते.

मोनोमध्ये तपासलं. बाजूचे दोन थर एकत्र आले की २५० हर्ट्झच्या आसपास फुगतात. तिथे ३ डेसिबल कमी केले.

२ ऑगस्ट

शेवट. मूळ मुद्रण विरत जात नाही, थांबतं. अखेरच्या आवर्तनांनंतर ए मेजर-सेव्हन, मग सी शार्प मायनर. सरगममध्ये पहिला कोमल ध, सा, कोमल ग, प. दुसरा सा, कोमल ग, प. वरचे तीन स्वर दोन्हींत तेच. हलतो फक्त बेस, कोमल धैवतावरून षड्जावर.

चारही टेकमध्ये गायकवृंद बेसबरोबर पुन्हा उच्चार करत होता, कॉर्ड बदलला की शब्दाला नवा धक्का द्यायचा या सवयीने. स्वरलिपीत दोन्ही कॉर्डांवर एकच बांधणीची रेघ ओढली, दुसरा कॉर्ड आवाजांच्या ओळीतून खोडून फक्त बेसच्या ओळीत ठेवला. पाचव्या टेकला आवाज नुसते धरून राहिले आणि खाली बेस षड्जावर आला. हा टेक ठेवला.

उरलेलं: दुसऱ्या कडव्यात टेनरचा एक दाताचा ‘व’, तेवढी ओळ पुन्हा घ्यायची. बांसुरीच्या तिसऱ्या टेकमधला ए थोडा खाली आहे. दुसऱ्या टेकमधून घेता येईल.